ओव्याच्या वासाची कोंबडी

आमच्या कुंभकोणमच्या घरात लसूणसुद्धा चालत नसे, आणि नव्वदच्या सुमाराला रघूत्तमकाकांनी जवळच्या साक्कोट्टै गावात ब्रॉयलर कोंबड्यांची शेड टाकली! अलमेलुकाकू भांडली नाही. तिने फक्त परसातल्या विहिरीवर एक बादली ठेवली. शेडवरून आल्यावर अंघोळ केल्याशिवाय काकांना घरात पाऊल टाकायची सोय नव्हती.

पिल्लांची पोटं बिघडायला लागली तेव्हा काकांनी आम्हा मुलांच्या पोटदुखीवरचं घरचं औषध काढलं. ओव्याचं तेल थेंब थेंब करून खाद्यात कालवलं. पिल्लं सुधारली. काका इतके हरखले की थेंब वाढवतच गेले.

मग एके सकाळी मेलकावेरीचे बिर्याणीवाले हनीफाभाई सायकलवरून परसात येऊन थडकले. काकांना ते मानाने 'रायर' म्हणत. "रायर, कोंबडीच्या पोटातच रसम केलंत काय? नुसता ओवा लागतोय!"

आधी चव बघणार तरी कोण? आमच्या घरात एकाच्याही जिभेला कोंबडी ठाऊक नव्हती. तेव्हापासून हनीफाभाई खाऊन सांगायचे आणि काका थेंब कमी करायचे. असं करत एकदाची चव जमली.

काका गेले तेव्हा हनीफाभाई भेटायला आले आणि सवयीने परसातच उभे राहिले. "रायरांच्या कोंबडीसारखी कोंबडी आता मिळत नाही," म्हणाले.

काकूने विहिरीवरच्या बादलीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "भाई, कशी लागायची हो ती?"

काकांना तिने त्या कोंबड्यांबद्दल एकदाही काही विचारलं नव्हतं.