आत्याआजीचा चौकोन

वंशावळ काढायला मला एक कोरा कागद, एक पट्टी आणि दहा मिनिटं लागली. सगळ्यात वर पणजोबा, त्यांच्याखाली आजोबा, आजोबांच्या खाली बाबा आणि काका, बाबांच्या खाली मी. पाच चौकोन, चार रेघा. हॉस्टेलच्या पलंगावर बसून मी तो कागद लांब धरून पाहिला आणि मला वाटलं, झालं आपलं घराणं.

मी अमरावतीला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मीच पहिली, म्हणून कोणता कागद कधी लागतो हे आधी सांगणारं कुणी नव्हतं. प्रवेश राखीव जागेवर मिळाला, पण जात पडताळणीचा अर्ज अपुरा होता. तो पूर्ण करून पावती पुढच्या सोमवारपर्यंत दाखवायची, नाहीतर प्रवेश रद्द, असं कॉलेजने सांगितलं. वंशावळ तर हवीच, शिवाय वडिलांकडच्या कुणाची तरी, जात लिहिलेली, जुनी नोंद हवी. आजोबा शाळेची पायरी चढलेच नव्हते. राहिलं कोतवाल बुक. पूर्वी गावात मूल झालं की बाप कोतवालाला सांगायचा आणि त्या बुकात नोंद व्हायची: तारीख, बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी.

मंगळवारी बाबांनी नांदगाव पेठच्या कापड कारखान्यातून सुटी घेतली आणि आम्ही दोघं आमच्या मूळ गावाच्या तालुक्याला, नांदगाव खंडेश्वरला, तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये गेलो. तिथल्या कारकून काकांनी आधी जन्मसाल विचारलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मी बाबांकडे.

"बुढ्याचं वय आमी अंदाजानंच लिहेल हाये साहेब," बाबा म्हणाले.

"अंदाजानं सापडत असतं तर मी कायले बसलो असतो इथी? बरं, पोरगं होतं ना? पोराच्याच नोंदी पाहू, मंग लवकर होते."

पानं पिवळी पडलेली, कडा तुटत होत्या. काका हलक्या हातानं पान उलटायचे आणि मी 'मुलगा' लिहिलेल्या ओळींवरून बोट फिरवायची. चार-पाच वर्षं पाहून झाली. पणजोबांच्या नावासमोर मुलगा कुठेच नव्हता.

परतीच्या एसटीत बाबा खिडकीबाहेर पाहत होते. मग म्हणाले, "माह्या बापाचा जन्म मले माहीत नाही, म्हून तुहं कॉलेज जाते का काय वो बाई?" त्यांची डब्याची पिशवी मी माझ्या मांडीवर घेतली.

उतरताना तेच म्हणाले, "अकोल्याच्या आत्याले विचारून पाह्य. तिच्यापरीस जुनं आता कोणी नाही."

ती आजोबांची धाकटी बहीण. मी तिला लग्नांतून आणि आजोबांच्या तेरवीलाच पाहिलेलं. बुधवारी अकोल्याला पोचले तेव्हा ती अंगणात सुपात तूर पाखडत बसली होती. वाकून नमस्कार केला, तर माझी हनुवटी धरून म्हणाली, "काम पडलं म्हून आली ना? येऊ दे. काम पडल्यावर तरी येता."

मी खाली मान घालून वंशावळीचा कागद काढला.

"मले वाचता येत नाही एवढं. तू वाच."

मी वाचलं. पाच नावं वाचायला कितीसा वेळ लागणार! ती सूप हातात तसंच धरून बसली.

"आन मी कुठी हावो?"

"आत्याआजी, याच्यात पोरींची नावं नाही लिहीत."

"तू लिहेल हायेस ना?"

"मी अर्जदार आहे."

"अस्सं! म्हंजे म्या अर्ज केला नाही, म्हून जन्मलीच नाही का मी?"

ती हसली, मीही हसले, पण माझे कान गरम झाले. तो कागद मीच काढला होता. कुणी मला तिला वगळ म्हणून सांगितलं नव्हतं. मला ती आठवलीच नव्हती.

आजोबांची नोंद सापडत नाही, हे मी सांगितलं. तिनं कपाळावर हात मारला. "सापडंन कशी? पयलं बाळंतपण बाई कुठी करते? मायच्या घरी! दादा मामाच्या गावात झाला. थ्याची नोंद तिकडची. अन् मामाचं गाव तं धरणात गेलं. तुह्या बापाले एवढं समजू नये?" मग म्हणाली, "मी आपल्या घरी झाली. दुसरी होती ना. बाप सोताच कोतवालाकडे गेला होता."

"कोणत्या साली, आठवतं?"

"साल नाही ठाऊक. पण माय सांगे, स्वातंत्र्याचा झेंडा लागला थ्या दिवशी मी दात काढून राहिली होती. झेंडा पाह्याले सारं गाव गेलं अन् माय मले घेऊन घरी बसली. मी लय किरकिर करे."

मी बोटांवर महिने मोजले. दात सहाव्या-सातव्या महिन्यात येतात. म्हणजे तीन-चार महिन्यांची पानं पाहायची.

तिनं जेवल्याशिवाय सोडलं नाही. भाकरीवर तिसऱ्यांदा तेल वाढताना म्हणाली, "हॉस्टेलात काय देतात तुमाले, वारा?"

गुरुवारी मी एकटीच रेकॉर्ड रूममध्ये गेले. "काका, या वेळी मुलगी पाहायची आहे," म्हटलं. पान उघडल्यावर मला ते ओळखू आलं. त्याच्या कोपऱ्यात शाईचा मोठा डाग होता. मंगळवारी माझं बोट याच पानावरून गेलं होतं. पणजोबांचं नाव होतं, जात होती, गाव होतं, शेवटी 'मुलगी' होतं. मी ती ओळ सोडून पुढे गेले होते.

बाहेर कडुलिंबाखाली उभं राहून मी अकोल्याला फोन लावला.

"सापडली, आत्याआजी!"

"माह्यं नाव हाये थ्याच्यात?"

मी अडखळले. "नाव नाही. नुसतं 'मुलगी' लिहिलं आहे."

मग ती म्हणाली, "मंग थे मीच. दुसरी कोन होती घरात?"

मी तिला जन्मतारीख सांगितली. तिनं ती माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतली. आधारवर तिची तारीख एक जानेवारी आहे. "एक जानेवारीले तं अर्धं अकोला जन्मलं हाये," ती म्हणाली. "हे माह्यी सोताची."

नोंदीतली मुलगी म्हणजे आपणच, असं शपथपत्र तिनं द्यायला हवं होतं. शुक्रवारी सकाळी ती अमरावतीच्या स्टँडवर उतरली, नवं लुगडं नेसून, जणू लग्नालाच निघालेली. बाबा रात्रपाळी करून तसेच आले होते. तिनं त्यांना पाहताच म्हटलं, "काय रे, आत्या हाये हे आठवलं का?" बाबांनी सगळ्यांसमोर तिच्या पायांवर डोकं ठेवलं. ते लवकर उठले नाहीत. ती त्यांच्या पाठीवर नुसती थापटत राहिली.

अर्जासाठी मी वंशावळ नव्यानं काढली होती. आजोबांच्या शेजारी एक चौकोन आणि पणजोबांपासून त्याच्यापर्यंत एक रेघ. पडताळणी कार्यालयाच्या रांगेत आमचा नंबर यायला वेळ होता. तिनं कागद मागून घेतला आणि बोट ठेवलं.

"हे मी?"

"हो."

"अन् तू कोनती?"

मी खालचा चौकोन दाखवला. मग तिचं बोट वर गेलं, पणजोबांच्या बाजूच्या कोऱ्या जागेवर. "इथी माय पाह्यजे होती. मले घेऊन घरी थेच बसली होती ना."

"अर्जात ती लागत नाही," मी म्हणाले आणि मलाच ते बोलणं आवडलं नाही. मी पिशवीतून मंगळवारचा पाच चौकोनांचा जुना कागद काढला, उलटा केला आणि पेन उघडलं.

"नाव सांग तिचं."

तिनं सांगितलं. मी ते पहिल्यांदाच ऐकत होते, बाबाही. मी लिहून घेतलं, मग विचारलं, "आणि तिच्या मायचं?" ती आठवत असतानाच खिडकीतून आमचा नंबर पुकारला गेला. "थांब, आठवते मले," असं म्हणत ती माझ्या खांद्याला धरून उठली.