सरावाचा गडी

माझ्या नवऱ्यानं आजवर कुणालाही अस्मान दाखवलेलं नाही. स्वतः मात्र ते रोज बघतो. पद्माकर दिवसभर सिंगापूरच्या रॅफल्स प्लेस भागातल्या एका बँकेत हिशेब तपासतो आणि संध्याकाळी यिशुनच्या ज्युदो क्लबात आपटून घेतो. आमची जाई लहान असताना तिला सरावाला जोड मिळेना, म्हणून हा चाळिशीत ज्युदोचा अंगरखा चढवून मॅटवर उभा राहिला. तेव्हापासून क्लबात कुणालाही डाव घोटायचा असला की, "अंकल, प्लीज." अंकल पडतात, उठतात, पुन्हा कॉलर पुढे करतात. मी किती डोकं फोडलं, पण ऐकेल तर शपथ! मलमाच्या वासानं आमच्या फ्लॅटला दवाखान्याची कळा आली आहे.

यंदा छोट्या बेटांच्या क्रीडास्पर्धा सिंगापूरला भरल्या आणि जाई ज्युदोच्या फायनलला पोचली. पुढच्या वर्षी ती शिकायला परदेशी जाणार, ज्युदो सुटणार. सुवर्णपदकाची ही एवढीच संधी होती.

पद्माकर तिथं मॅट पुसायला स्वयंसेवक होता. फायनलच्या आधी मी जाईला पाणी द्यायला सरावाच्या हॉलच्या दाराशी गेले. जाई मैत्रिणीबरोबर अंग मोकळं करत होती. पलीकडच्या कोपऱ्यात तिची प्रतिस्पर्धी तेरेसा एकटीच हवेत डाव मारत होती. कुठल्याशा इवल्या बेटावरून आलेली पोर. कोच आजारी पडून हॉटेलात, आणि सोबत दुसरं कुणी नाही. आणि बघते तर काय, माझा नवरा पिशवीतला अंगरखा चढवून तिच्यासमोर हजर! तिनं त्याला धरलं आणि धाडकन आपटलं. मग पुन्हा. मग पुन्हा.

तो खांदा चोळत बाहेर आला तेव्हा माझा पारा चढलेला होता.

"अरे, तुझी मुलगी कोणती, आठवतंय ना?"

"एकटी होती गं ती."

"बरं, निदान तिचा डाव तरी कळला असेल. जाईला जाऊन सांग."

"कळलाय. पण नाही सांगणार. तिनं विश्वासानं धरलं होतं मला, सुचित्रा."

काय बोलायचं अशा माणसाशी!

फायनलमध्ये तेरेसा उजवीकडे झुकली. जाईनं त्या बाजूला स्वतःला सावरलं, आणि तेवढ्यात तेरेसानं तिला डावीकडून उचलून सपशेल पाठीवर पाडलं. पंचांचा हात वर गेला. संपलं. तेरेसाच्या कोचची खुर्ची रिकामीच होती. ती जरा वेळ इकडेतिकडे बघत राहिली, मग मॅटच्या कडेला फडकं घेऊन उभ्या असलेल्या पद्माकरकडे वळून आदरानं वाकली. मला मात्र संतापानं रडू फुटलं.

आम्ही मेट्रोनं घरी परतलो. आमच्या इमारतीखालच्या हिरवळीपाशी आल्यावर मला राहवेना.

"तुझ्या बाबाला तो डाव आधीच माहीत होता," मी म्हणाले.

जाई थांबली. "बाबा, यू न्यू?"

"हो."

आता ही भडकणार, असं मला वाटलं. पण ती म्हणाली, "मी पाहिलं होतं तुला तिच्याबरोबर. तू येऊन सांगशील याचीच भीती वाटत होती. मग जिंकले असते तरी ते माझं नसतं, लाह." रडवेली झाली की तिच्या बोलण्याला हे सिंगापुरी शेपूट लागतंच. "आता सांग ना."

"आता सांगतो," पद्माकर म्हणाला आणि त्यानं चष्मा काढून माझ्या हातात दिला.

त्यानं तिची कॉलर धरली, उजवीकडे झुकला, आणि डावीकडून तिला उचलून गवतावर अलगद टेकवलं. पडताना तिची बाही त्यानं हातातून सुटू दिली नाही. इतक्या वर्षांच्या संसारात ह्या माणसाला कुणाला पाडताना मी पहिल्यांदाच बघत होते. माझा राग कुठल्या कुठे गेला. मला त्याचा फार अभिमान वाटला.

जाई डोळे पुसत उठली. "ओके. आता मी तुला."

आणि तो नेहमीसारखा कॉलर पुढे करून उभा राहिला.