हा ब्लाउज घालायचा कुठून?

बेसा चौकामागच्या गल्लीत, घराच्या पुढच्याच खोलीत शामलाताई डेकाटे यांचं शिवणाचं दुकान आहे. एकतीस वर्षं त्या ब्लाउज शिवताहेत. बाई दारातून आत येईपर्यंत तिचा डावा खांदा उतरता आहे की उजवा, हे त्यांच्या ध्यानात आलेलं असतं. टेप लावायची ती नुसती खात्री करायला. उमरेडच्या कोळसा खाणीतून निवृत्त झालेले त्यांचे यजमान रामाजी म्हणतात, "हिच्यासमोर पोट आत ओढून उभं राहायची सोय नाही."

गेल्या फेब्रुवारीत एका बुधवारी भैरवी नावाची मुलगी आली. रविवारी तिचं लग्न. हातात शालूतला ब्लाउजपीस होता, पाऊण मीटरचा. शालू खास विणून घेतलेला, त्यामुळे कात्री चुकली तर दुसरा तुकडा कुठं मिळायचा नाही.

"काकू, अगदी असाच पाहिजे," तिनं फोन पुढं केला. "एआयनं बनवून दिला."

चित्र मोठं देखणं होतं. गळा बंद, पाठीवर जरीच्या वेलीची जाळी. शामलाताईंनी चष्मा लावला, फोन उभा धरून पाहिला, आडवा धरून पाहिला.

"बाई, हा घालायचा कुठून?"

भैरवी हसली आणि मग तिनंही निरखून पाहिलं. पुढं हुक नाहीत, मागं नाहीत. चेन नाही, नाडीही नाही. तिनं फोनकडे मागची बाजू नीट मागितली, तर उजवीकडून निघालेली वेल डावीकडून निघाली. बगलेची बाजू मागितली, तर बाह्याच आखूड झाल्या.

"अवं, हे तर तीन बायांचे तीन ब्लाउज आहेत!" शामलाताई म्हणाल्या.

आतून रामाजी ओरडले, "बिनदाराचं घर बांधून राहिली का वं ती मशीन? फेकून दे म्हणा!"

"फेकायले काय झालं? त्यानं लाखो ब्लाउज पाहिले असतील. घातला एकही नाही, तर त्याले काय माहीत?"

भैरवीचे डोळे मात्र भरून आले. नुसत्या डिझाइनसाठी मुली रडत नाहीत, हे शामलाताईंना माहीत होतं. आल्यापासून ही पोर ओढणी मानेमागं घट्ट धरून बसली होती, तेही त्यांनी पाहिलं होतं.

"तू त्याले काय सांगितलं होतं, ते दाखव मले."

भैरवी घुटमळली. मग फोन हातात दिला. तिथं लिहिलं होतं : 'माझ्या मणक्याचं ऑपरेशन झालं आहे. मानेखाली वीतभर उभा व्रण आहे, तो दिसू नये. पण पाठ पूर्ण बंद नको, लपल्यासारखं वाटतं. मागं हुक नको, टोचतात.'

शामलाताईंनी ते दोनदा वाचलं.

"हे मले काहून नाही सांगितलं?"

"एआय टक लावून पाहत नाही ना काकू. मागच्या टेलरबाईंनी माप घेताना किंचाळल्यासारखं केलं होतं."

शामलाताईंनी फोन तिच्या हाती परत दिला. मग म्हणाल्या, "मग मी चित्र नाही शिवत. तू लिहिलेलं शिवते. बस इथं, आणि मी सांगते तसं विचार त्याले."

त्यांनी सांगितलं आणि भैरवीनं टाइप केलं : पुढून बंद, मागं हुक नाही, डाव्या बगलेखाली छुपी चेन. आता वेल कशी बसवावी? पाच उत्तरं आली. तीन बाहुलीपुरती ठीक होती, एकाला दुप्पट कापड लागलं असतं. पाचवं वाचून मात्र शामलाताईंनी चष्मा पुसला. पानं पसरून व्रण झाकण्यापेक्षा वेलीचं खोडच त्या रेषेवरून न्यावं, असं ते म्हणत होतं.

"हे मले सुचलं नसतं," त्या मोकळेपणानं म्हणाल्या. "मी पानंच पानं भरली असती."

"आता दुकान त्याच्याच नावावर करते का?" रामाजी दारात येऊन उभे राहिले.

"बगलेतला घाम त्याले येऊन राहिला का? मग दुकान माझंच."

गुरुवारी त्यांनी आधी साध्या मांजरपाटाचा नमुना शिवला, वेल खडूनं काढून मधल्या फटी कातरल्या आणि भैरवीला तो घालायला लावला. खोड व्रणावर बरोबर बसलं.

"आता हात वर कर. नवऱ्याले हार घालतेस तसे."

हात वर जाताच नमुन्याची सगळी पाठ अंगठाभर सरकली आणि व्रणाचं टोक उघडं पडलं. चित्रातली बाई हात खाली सोडून उभी होती, तिला कुठं कोणाला हार घालायचा होता! शामलाताईंनी बगल उसवली, तिथं जास्तीच्या कापडाची लहानशी तिकोनी कळी जोडली. पुन्हा हात वर करायला लावले. या वेळी पाठ जागची हलली नाही. त्यांनी भैरवीच्याच फोननं पाठीचा फोटो काढून तिच्या हाती दिला.

ती बराच वेळ पाहत राहिली. "दिसत नाही," म्हणाली.

"आणि लपल्यासारखं?"

"नाही वाटत, काकू."

तेव्हा कुठं शामलाताईंनी शालूचा तुकडा टेबलावर पसरला, वर नमुना ठेवला, कडेनं खडू फिरवला.

"काकू, चुकलं तर?"

"आता नाही चुकत," त्या म्हणाल्या आणि कात्री लावली.