भीती गेल्यावर
फिनाईलचा वास आला की गोंदियातला ऑपरेशननंतरचा तो वॉर्ड आठवतो. नर्सिंगच्या एम.एस्सी.साठी मी तिथे अभ्यास करत होते: ऑपरेशनआधी नर्सने नीट समजावलं, तर रुग्णाची भीती कमी होते का, आणि भीती कमी झाल्यामुळेच पुढे दुखणं कमी होतं का. भीती हाच मधला दुवा आहे, हे मला आकडेमोडीने दाखवायचं होतं. दवनीवाड्याची एक बाई गर्भपिशवीच्या ऑपरेशनसाठी आली होती. तिला मी चित्र काढून सगळं समजावलं, तशी ती हसतच आत गेली. दुपारी वॉर्डात आणली तेव्हा ती कण्हत होती. माझा हात घट्ट धरून म्हणाली, "सिस्टर, भेव तं गेला जी. मंग एवढं दुखून काऊन राहिलं?" आणखी इंजेक्शन द्यायला डॉक्टरांची परवानगी हवी होती आणि डॉक्टर दुसऱ्या ऑपरेशनमध्ये अडकले होते. मी नुसती तिचा घाम पुसत राहिले. संध्याकाळी ते आले, इंजेक्शन मिळालं, ती झोपली. पुढे निष्कर्ष मला हवा तसाच निघाला. सगळ्यांच्या सरासरीत तिचं कण्हणं कुठेच दिसलं नाही. आज मी विद्यार्थिनींना आकडेमोडीची तीच पद्धत शिकवते, आणि तास संपताना त्या बाईचा प्रश्न तिच्याच शब्दांत फळ्यावर लिहिते.