पदरामागचं तोंड

आमच्या हिला फोटोची चीड होती. कॅमेरा दिसला की पदर तोंडावर. दात पुढे होते तिचे. लहानपणी कुणी काही बोललं असेल, ते मनात धरून बसली ती बसलीच. त्यामुळे ती गेली तेव्हा घरात तिचा एकच धड फोटो निघाला, पुतण्याच्या लग्नातला. कुणीतरी काहीतरी बोललंय, ती हसतेय, डोळे बारीक झालेत, आणि नाकाखाली सगळा हिरवा पदर.

वर्षश्राद्धाला फोटो भिंतीवर लागला पाहिजे, असं मुलाने ठरवलं. "हल्ली कॉम्प्युटरवर पदर काढून देतात, बाबा," म्हणाला. मला वाटलं थट्टा करतोय.

आचोळ्याच्या रस्त्याला एक स्टुडिओ होता. तिथे कॉम्प्युटरवर उमेळ्याची एक बाई बसायची. तोंडाने मोकळी. फोटो बघून म्हणाली, "काका, पदराचं काय घेऊन बसलात? मी लोकांच्या शेजारचे जावई काढून टाकते."

तिने पदराभोवती रेघ ओढली आणि बटण दाबलं. आजूबाजूचं बघून मधलं कॉम्प्युटर स्वतःच भरतो, म्हणाली. भरलं त्याने. दोन्ही गालांची कातडी ओढून आणली आणि मधे चिकटवली. तोंड नाहीच. नाकापासून गळ्यापर्यंत सपाट, हनुवटीच्या जागी थोडा हिरवा डाग.

मी जन्मभर रंगाऱ्याचं काम केलं. भिंतीला खड्डा असला की लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, घासायची, वर रंग मारायचा. कुणाला कळत नाही. पण भिंत हसत नसते.

"त्या बिचाऱ्याला काय माहीत पदराखाली काय होतं," बाई म्हणाली. "तुम्ही सांगा. ओठ जाड होते की पातळ?"

मी सांगायला तोंड उघडलं आणि सांगता येईना. एवढा संसार केला. तिचा आवाज आठवत होता, बशीतला चहा फुंकताना फुगलेले गाल आठवत होते, ओठ काही येईनात. वर्षसुद्धा झालं नव्हतं. मी घाबरलो. फोटो भिंतीवर लागो न लागो, तिचं तोंड मला परत पाहिजे होतं. त्या मशीनमधून निघालं तर तिथून.

मुलाने तोडगा काढला. माझ्या मेहुणीचा, म्हणजे हिच्या धाकट्या बहिणीचा, हसरा फोटो घेऊन आला. म्हणाला, "मावशीचं तोंड आईसारखंच आहे, सगळे म्हणतात." या दोघी बहिणींचं बोलणं बरीच वर्षं बंद होतं. आमच्या मुलीच्या हळदीला मेहुणीला पुढे बोलावलं नाही, एवढंच कारण. बोलणं बंद ते बंदच राहिलं, आणि आता तिचंच तोंड हिला लावायचं. वर मेहुणीला कवळी. म्हणजे माझ्या बायकोच्या तोंडात मेहुणीची कवळी.

बाईने ते तोंड कापून बसवलं. कडा कॉम्प्युटरने स्वतःच मिळवल्या, रंगही जुळवला. बघितलं तर एक चांगली बाई हसत होती. ओळखीची वाटली, पण कुणाची कोण, कळेना.

मुलगा कामावर गेला की मी जिना उतरून स्टुडिओत जाऊन बसायचो. गुडघे बोंबलायचे, पण जायचो.

"दात पुढे घे," मी सांगायचो.

"काका, लोक दात आत घ्यायला येतात माझ्याकडे."

"तू घे पुढे. अजून. वरचा ओठ ताणलेला पाहिजे, मिटत नसल्यासारखा."

ती ओढायची. मशीन लगेच सगळं गुळगुळीत करून टाकायचं. ती परत ओढायची. "याला सुंदरच करायची सवय लागलीय," ती म्हणायची. "मी तरी काय करू?"

असं करता करता एका सकाळी जमलं. डावीकडचा दात जरा तिरका झाला, ओठ त्याच्यावर अडकला, आणि ती आली. माझ्याकडे बघून, आता काय हवंय तुम्हाला, असं विचारताना असायची तशी. मी म्हटलं, "थांब. हात लावू नकोस."

तेवढ्यात मुलगा आला. त्याला सुट्टी होती, सुनेने सांगितलं होतं मी कुठे असतो ते. त्याने पडद्याकडे बघितलं.

"बाबा, हे काय केलंत?"

"आई आहे तुझी."

"लोक येणार आहेत बघायला. ती जन्मभर पदर लावायची ती उगाच का? दात दाखवलेले तिला आवडले असते?"

खरंच होतं. हिने जिवंतपणी, असा फोटो लावू का, विचारलं असतं तर मीच नाही म्हटलं असतं. बाई माझ्याकडे बघत थांबली. मी मान खाली घातली. ती एक बटण दाबत गेली आणि एकेक दात आत गेला.

वर्षश्राद्धाला मेहुणी आली. बोलावल्याशिवाय आली. फोटोसमोर उभी राहिली, मग खालीच बसली. "भावोजी, अक्का हसतेय हो माझ्याकडे बघून," म्हणाली आणि रडायला लागली. मी तिला कसं सांगू, की बाई, तू स्वतःकडेच बघतेयस? जाताना तिने एक कॉपी मागितली. मुलाने हौसेने दिली. आता तिच्याही भिंतीवर तेच आहे.

आमचं घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर. माझी खाट भिंतीला, फोटो समोरच्या भिंतीवर, हार, वर छोटा लाल दिवा. तोंड फिरवलं तर खिडकीची जाळी. गुडघ्यांनी जिना सोडला. नातू बोबड्या बोलात "आजी" म्हणतो ते त्या फोटोलाच. आणि स्टुडिओत क्षणभर दिसलेलं तोंड आठवायला डोळे मिटले तर कवळीच दिसते.

दुपारी सगळे पांगले की मी खाटेवर पडल्या पडल्या हात लांब करतो आणि एक डोळा मिटतो. तळवा नेमका फोटोतल्या तोंडावर आला की वर तिचे डोळे उरतात, बारीक झालेले. मग ती असते. हात भरून येईपर्यंत असते.

परवा सून मधेच आत आली. "बाबा, ऊन लागतंय का डोळ्यांवर? पडदा ओढू?"

"ओढ," म्हटलं.

तिने पडदा ओढला. हात वर ठेवायला मग कारण उरलं नाही.