काल कुठं जेवलात?

परक्या गावात दुपारी उतरलं, पोटात कावळे ओरडायला लागले, की माणूस समोर दिसेल त्याला विचारतो, "इथं चांगलं जेवण कुठं मिळतं हो?" असं विचारणारा माणूस पत्ताताईच्या लेखी शुद्ध अडाणी. तिचं म्हणणं असं, की 'चांगलं' हा शब्द ऐकला की समोरचा इस्त्रीचा शर्ट घातल्यासारखा बोलायला लागतो. ज्या हॉटेलात तो साहेबांना घेऊन गेला होता, ज्याची पाटी चौकातून झळकते, त्याचं नाव तो सांगून मोकळा होतो. खोटं बोलत नाही बिचारा, पाहुण्यापुढे गावाची लाज राखतो. म्हणून त्याला विचारावं, "तुम्ही स्वतः काल कुठं जेवलात?" मग तो गोंधळतो, डोकं खाजवतो आणि खरं काय ते सांगतो.

पत्ताताईचं काम फिरतीचं. कपड्यांच्या कारखान्यांत शिवणयंत्रं बसवून द्यायची, बिघडली तर उघडून दुरुस्त करायची. हातात हत्यारांची पिशवी, बोटांना कायम मशीनच्या तेलाचा वास, आणि डोक्यात गावोगावच्या खाण्याच्या जागा. कुठल्या गावात स्टँडमागच्या जिन्यावरून वर गेलं की गरम भात मिळतो, कुठल्या हॉटेलात रस्सा फक्त दुपारीच घ्यावा, संध्याकाळी तोच पाणी घालून वाढवलेला असतो, हे तिला तोंडपाठ. ऑफिसातलं कुणी बाहेरगावी निघालं की आधी हिला फोन, "पत्ता दे." त्यावरून तिचं नावच पत्ताताई पडलं. शेजारपाजारचे, नणंदेचे दीर, कुणाकुणाचे साडू, सगळे विचारायचे. घरच्या घरी पाहुण्यांना कुठे जेवायला न्यावं, यावरही तिचाच निकाल शेवटचा. नवरा म्हणायचा, "जगाच्या पोटाची काळजी हिला, आणि घरी भाताला शिट्ट्या मीच मोजायच्या."

तिचा एक नियम मात्र पक्का होता. जिथे आपण स्वतः जेवलो नाही, तिथला पत्ता कुणाला द्यायचा नाही. शितावरून भाताची परीक्षा होते हे खरं, पण ते शीत आपल्या जिभेवर पडलेलं हवं, असं ती म्हणायची. हा नियम तिनं एकदाच मोडला.

तिचे वडील दुसऱ्या गावात एकटेच राहायचे. पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात नकाशे काढण्यात त्यांची नोकरी गेली. पाइप कुठून येतो नि कुठे जातो हे केसाइतक्या बारीक रेघेत दाखवणारे बाबा स्वयंपाकघरात मात्र साखरेचा डबा कुठला नि मिठाचा कुठला, हे सांगू शकत नव्हते. आई होती तोवर सांगायची गरज पडली नाही. आई गेली तेव्हा पत्ताताईनं सरळ साहेबांना सांगून टाकलं, की फिरती आता जमणार नाही, नोकरी सोडते. बाबांना कळलं तेव्हा ते भडकले.

"माझ्या दोन घासांसाठी तू नोकरी सोडणार? लोक काय म्हणतील? आपल्या गल्लीच्या टोकाला खानावळ आहे. त्या बाईंच्या हातचं घरच्यासारखं असतं. मी तिथंच जेवतो हल्ली."

पत्ताताईचा जीव भांड्यात पडला. नोकरी राहिली. रोज संध्याकाळी बाबांचा फोन यायचा आणि त्यात खानावळीची हकीकत असायची. "आज वांगी होती. जरा तिखट, पण भात मऊ होता." "आज अंड्याचा रस्सा. कांदा नीट भाजला नव्हता." पत्ताताईला ऐकून मौज वाटायची. आई वाढायची तेव्हा मान खाली घालून जेवून उठणारे बाबा आता मिठाची, कांद्याची भाषा बोलायला लागले होते. म्हातारपणी का होईना, बाबांना चव कळायला लागली, असं ती नवऱ्याला अभिमानानं सांगायची. माझ्यावर गेलेत, असंही म्हणायची.

मग ऑफिसात नव्यानं आलेल्या एका सहकाऱ्याला बाबांच्या गावी काम निघालं. त्यानं पत्ता विचारला. पत्ताताई स्वतः त्या खानावळीत कधी जेवली नव्हती. बाबांकडे गेली की ती घरीच रांधायची, बाबांना घरचं खाऊ घालायची, आणि गेल्या वर्षभरात तर फिरतीपायी तिकडं जाणंच झालं नव्हतं. पण रोज फोनवर ऐकून ऐकून ती खानावळ तिला आपलीच वाटायला लागली होती. तिनं बेधडक सांगितलं, "गल्लीच्या टोकाला जा. घड्याळवाल्याच्या दुकानाकडं पाठ केली की समोरच आहे. डोळे मिटून जेव."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला. "ताई, इथं तर टायरचं दुकान आहे."

"तू भलत्याच गल्लीत शिरला असशील."

"नाही हो. घड्याळवाल्याकडं पाठ करूनच उभा आहे. टायरवाल्यालाच विचारलं. खानावळीच्या बाई म्हणे लेकीकडं राहायला गेल्या. गेल्या उन्हाळ्यापासून बंद आहे."

पत्ताताईच्या हातातला स्क्रू खाली पडला आणि मशीनच्या पोटात गेला. तो काढायला तिला पुष्कळ वेळ लागला. संध्याकाळी नेहमीच्या वेळी बाबांचा फोन आला. आवाज नेहमीसारखा. "आज भोपळा होता बघ. मीठ जरा जास्त पडलं होतं, पण गोडी होती भोपळ्याला."

"हं," ती म्हणाली. पुढे काही विचारायचं तिला धैर्य झालं नाही. बाबांच्या डोक्यावर तर परिणाम झाला नसेल ना, या भीतीनं तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. नवऱ्यालासुद्धा तिनं एवढंच सांगितलं, की उद्या बाबांकडे जाऊन येते.

सकाळच्या गाडीनं ती निघाली आणि बाबा वाचनालयातून परतायच्या आत घरी पोचली. बाबांच्या इमारतीच्या जिन्याखाली तो घड्याळवाला बसायचा. काचेच्या पेटीमागे, एका डोळ्याला भिंग लावून. तिला त्याला विचारायचं होतं, की बाबा बरे आहेत ना, भलतंसलतं बोलत नाहीत ना. पण ते ओठांवर येईना. जित्याची खोड, तोंडातून तिचा नेहमीचाच प्रश्न बाहेर पडला.

"काल कुठं जेवलात हो तुम्ही?"

घड्याळवाल्यानं भिंग काढलं आणि तो हसला. "कुठं म्हणजे? इथंच. घरचा डबा असतो ना माझा. काल भोपळा होता. बायकोच्या हातून मीठ जरा जास्त पडलं, पण भोपळा गोड निघाला."

पत्ताताई जिन्याच्या पायरीवर बसली.

"परवा वांगी होती का?" तिनं विचारलं. "तिखट?"

"होती की! काकांनी सांगितलं वाटतं." घड्याळवाला खुशीत आला. "अहो, काका रोज विचारतात. मी डबा उघडला की येतात, स्टूल ओढून बसतात. काय आहे, कसं झालंय, भात मऊ आहे का, सगळं बारकाईनं विचारणार. घ्या म्हटलं तर घास घेत नाहीत. 'माझं झालंय' म्हणतात. मी बायकोला म्हटलं, तुझ्या हाताची कीर्ती पसरायला लागली."

त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक, की ती कीर्ती रोज संध्याकाळी फोनवरून परगावी जात होती. पत्ताताईनं वर जाऊन आपल्याकडच्या किल्लीनं दार उघडलं. शेगडी लखलखीत पुसलेली. पातेली आई घालायची तशीच फळीवर पालथी. ओट्यावर बिस्किटांचे पुडे, पाव, केळी, दुधाची पावडर आणि एक कप. एवढ्यावर माणूस उन्हाळ्यापासून जगत होता, आणि जगभरच्या लोकांना जेवायचे पत्ते वाटणारी त्याची लेक रोज फोनवर मिठाची चर्चा करत होती. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हा. तिला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

बाबा आले. दारात चपला बघून त्यांचा चेहरा फुलला, मग ओट्यावरचे पुडे आणि लेकीचं तोंड बघून उतरला.

"घड्याळवाला बोलला वाटतं," ते म्हणाले.

"का खोटं बोललात बाबा?"

"पहिले काही महिने खरंच जेवत होतो गं तिथं. मग त्या बाई गेल्या. तुला सांगितलं असतं तर तू परत नोकरी सोडायला निघाली असतीस."

"मग दुसरं हॉटेल नव्हतं का गावात? एक फोन केला असता तर मी पन्नास जागा सांगितल्या असत्या!" पत्ताताईचा आवाज चढला. भीती गेली होती आणि तिची जागा रागानं घेतली होती.

"जागा ठाऊक आहेत मला," बाबा म्हणाले. ते खिडकीकडे बघत होते. "चौकात दोन आहेत. दारापर्यंत जातो मी. आत सगळे चारचार जण बसलेले असतात. तो वेटर विचारतो, किती जण? मला उत्तरच देववत नाही. माघारी येतो. खानावळीत बरं होतं, सगळे लांब बाकावर ओळीनं बसायचो, कुणी काही विचारायचं नाही. आणि एकट्यानं बसलोच, तरी मागायचं कसं? तुझी आई ताटाकडं बघून वाढायची. मी कधी 'वाढ' म्हणालोच नाही गं."

पत्ताताईचा राग जागच्या जागी विरघळला. तिला आठवली ती तिच्या फिरतीची सुरुवात. एकटी बाई हॉटेलात शिरली की सगळी टेबलं वळून बघायची. कितीतरी दौरे तिनं लॉजच्या खोलीत दार लावून बिस्किटांवर काढले होते, आणि घरी फोन करून सांगितलं होतं, "जेवले मी, मस्त जेवले." खाण तशी माती. एकट्यानं जेवायला बसणं तिला कुणी शिकवलं नव्हतं. चुकत, चरफडत, लाजत ती शिकली होती. आणि बाबांना ते शिकवण्याचं तिच्या कधी मनातही आलं नव्हतं. पत्त्याशिवाय माणसाला आणखी काही लागत असेल, असा विचारच तिनं केला नव्हता.

"माझ्याकडं चला राहायला," ती म्हणाली.

"तिकडं येऊन काय करू? तू असतेस फिरतीवर. जावईबापूंना माझा भात लावायला लावू?"

ती उठली. "चपला घाला. चौकात जाऊ."

चौकातल्या हॉटेलाच्या दाराशी बाबा नेहमीच्या सवयीनं बाजूला झाले, तिला पुढे जाऊ द्यायला. ती जागची हलली नाही.

"मी नाही येत. तुम्ही एकटे जा. मी समोर उभी आहे."

"वेडी आहेस का? सकाळपासून उपाशी असशील तू."

"ऐका. किती जण विचारलं तर मान वर करून 'एक' म्हणायचं. भिंतीकडची जागा घ्यायची, पाठ भिंतीला. टोपी समोरच्या खुर्चीवर ठेवायची, म्हणजे ती रिकामी दिसत नाही. आणि घाई करायची नाही. जा बाबा."

"आज तू ये बरोबर. उद्या जातो एकटा."

"उद्या मी नसेन," पत्ताताई म्हणाली. तिनं तोंड फिरवलं आणि रस्ता ओलांडून ती कापडाच्या दुकानाच्या छपराखाली जाऊन उभी राहिली.

बाबा बराच वेळ दाराशी घुटमळले. दोन माणसं त्यांच्या बाजूनं आत गेली. मग तेही गेले. काचेतून तिला सगळं दिसत होतं. वेटरनं काहीतरी विचारलं. बाबांनी एक बोट वर केलं. भिंतीकडचं टेबल मिळालं, टोपी समोरच्या खुर्चीवर गेली, ताट आलं. बाबा मान खाली घालून जेवायला लागले, आई असताना जेवायचे तसेच. पत्ताताईचे डोळे प्रत्येक घासावर होते. आपल्या पोटात अन्न नाही, हे तिच्या गावीही नव्हतं.

भात संपला. भाजी आणि रस्सा तसाच शिल्लक होता. बाबांनी हात थांबवला आणि ते ताटाकडे बघत राहिले. कुणीतरी बघेल, कुणीतरी विचारेल, म्हणून थांबल्यासारखे. वेटर एकदा जवळून गेला, पुन्हा गेला. त्याला चार टेबलांची घाई होती. बाबांनी रश्श्याची वाटी उगाच थोडी फिरवली. आता उठतील, पत्ताताईला वाटलं, अर्धपोटी उठतील. तिचा एक पाय रस्त्यावर पडलासुद्धा. आत जावं, वेटरला झापावं, आपल्या हातानं भात वाढावा. तिनं तो पाय मोठ्या कष्टानं मागे घेतला.

बाबांनी डावा हात उचलला. खांद्यापर्यंत. वेटरचं लक्ष नव्हतं. हात खाली गेला. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, पाण्याचा घोट घेतला, आणि हात पुन्हा उचलला, या वेळी चांगला डोक्याच्या वर, आणि तोंडानं काहीतरी म्हणाले. आजूबाजूच्या दोघातिघांनी वळून बघितलं, इतकं मोठ्यानं.

वेटर भाताचं पातेलं घेऊन आला. बाबांनी ताट पुढे सरकवलं. त्यानं एक डाव वाढला, आणि बाबांनी मानेनं खूण केली, आणखी.

भर दुपारी, भर रस्त्यात पत्ताताईला रडू फुटलं, आणि तिनं ते आवरलं नाही.