दुसऱ्या लेखकाचा शोध

मोबाईल सदऱ्याच्या टोकानं पुसायचा, माझ्यासमोर धरायचा आणि म्हणायचं, "बघा सर, सरकार आज काय म्हनून राह्यलं." आष्टीच्या बाजारात बांगड्या विकणाऱ्या या माणसाची सकाळ माझ्या ओट्यावर अशी सुरू व्हायची. सगळे त्यांना मामा म्हणत.

बायकांच्या हातांत बांगड्या भरता भरता मामा हळदीची गाणी रचत. शेवटच्या ओळीत स्वतःचं नाव गुंफत. पुढं एका बँडवाल्यानं ते नाव काढून आपलं घातलं आणि गाणी मोबाईलवर चढवली. मामांचं म्हणणं एवढंच, "माजं नाव मला वापस पायजे. बाकी बिलकुल काही न्हाई."

मी निवृत्त मराठी शिक्षक. कॉपीराइटचा अर्ज मीच ऑनलाइन भरला आणि अर्ज कुठवर सरकला ते दाखवणारं ॲप त्यांच्या फोनमध्ये टाकून दिलं. ॲप इंग्रजीत, म्हणून वाचन माझ्याकडं. गिऱ्हाईक बाया बांगडीचं माप सांगायच्या आधी अर्जाची चौकशी करत. "अजून तपासनीत हाय," मामा सांगत, जणू घरचं कुणी दवाखान्यात भरती आहे.

एक दिवस तिथं लाल अक्षरं आली. मास्तरकीच्या सवयीनं मी मोठ्यानं वाचून टाकली: दुसऱ्या लेखकाचं संमतिपत्र बाकी, मुदत एक महिना.

"दुसरा कोन, सर?"

"नाव दिसत नाही इथं."

वाचकहो, तो दुसरा लेखक मी होतो. गाण्यांतले ऱ्हस्व-दीर्घ सुधारताना मला साहित्यसेवेचा असा काही उमाळा आला, की सहलेखकाच्या रकान्यात मी माझं नाव लिहिलं. मामांनी न वाचता सही केली. आता संमती द्यावी, तर प्रमाणपत्रावर माझं नाव उमटणार आणि मामा ते साऱ्या बाजाराला दाखवणार. अर्ज दुरुस्त करावा, तर आधी तोंड उघडावं लागणार.

मामांना मात्र राग नव्हता. "आसंल कोनीतरी. गानं काय एकट्यालाच सुचतं व्हय?" जीपमध्ये बसून ते घनसावंगीपर्यंत जाऊन आले. दिसेल त्या गाणाऱ्याला विचारायचे, "दुसरे लेखक तुमीच का हो?" एकानं थट्टा केली, "मीच हाव. चहा पाजा." मामांनी चहा पाजला आणि सहीसाठी पेन पुढं केलं. गडी अर्धा चहा टाकून पळाला.

मुदत संपली, अर्ज बाद झाला. त्याच वर्षी मामाही गेले. आज लिहून ठेवतो: ती गाणी एकूण एक त्यांची. माझ्या फक्त वेलांट्या.

पण मुदतीच्या आदल्या दिवसाचं सांगायचं राहिलं. मामा आले, दार लोटून घेतलं, आवाज खाली आणला. "सर, त्यो मानूस काही घावत न्हाई. त्याच्या नावानं तुमीच सही ठोका. मी कुनाला सांगत न्हाई."

मी चष्मा काढला. खोटी सही, प्रामाणिकपणा, लेखकाचा हक्क यांवर पाऊण तास बोललो. अख्ख्या नोकरीत इतका रंगलेला तास मी घेतला नव्हता.

मामांनी दोन्ही कान धरले. "चुकलं, सर. तुमच्यावानी मानसाला काय म्हनून बसलो मी. माफी द्या."

मी माफ केलं.